फिडलची चाल, चेलोचा गळा



गाण्याची चाल गळ्याला पटली म्हणजे भागते. नाचाची चाल पायांना पटावी लागते. लेझीम खेळणाऱ्या मुलांना सनईवाल्याने कोणता राग घेतला आहे याच्याशी कर्तव्य नसते. हलगीचा ठेका आणि चालीतले ठासून येणारे स्वर जागच्या जागी आले की पाय आपोआप उचलतात. म्हणूनच जगातल्या बहुतेक नाचांच्या चाली एखाद्या विशिष्ट वाद्याला चिकटून वाढलेल्या दिसतात. सनईची चाल सनईची असते आणि पाव्याची पाव्याची. मग अशी एखादी चाल तिच्या मूळ वाद्यावरून उचलून दुसऱ्या, खर्जातल्या, जड वाद्यावर नेली तर काय होते? तिचा नाच शिल्लक राहतो की नुसते सूर उरतात? आजच्या भाषणात या प्रश्नाचे उत्तर आपण स्कॉटलंड देशाच्या इतिहासात शोधणार आहोत, कारण तेथे हा प्रयोग थोडाथोडका नव्हे, अडीचशे वर्षे चालला आहे. त्यातले वाद्य आहे चेलो.

चेलो हे नाव सर्वांना ठाऊक नसेल, पण त्याचा आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांत गाणारा थांबला की एक घनगंभीर, माणसाच्या हुंदक्यासारखा सूर मागून येतो. तो पुष्कळदा चेलोचा असतो. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांनी व्हायोलिनबरोबर हे वाद्यही वाजवले. दिसायला ते मोठ्या व्हायोलिनसारखे असते, पण खांद्यावर मावत नाही. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो आणि आडव्या गजाने वाजवतो. व्हायोलिनच्या तारेची वाजती लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर चेलोची सुमारे ६९, म्हणजे दुपटीहून थोडी जास्तच. हा दुपटीचा हिशेब ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता स्कॉटलंडकडे वळू. हा ब्रिटनच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख. तेथील बॅगपाइप आपल्या ओळखीचा आहे, कारण इंग्रजी अमदानीत स्कॉटिश पलटणींबरोबर तो इकडे आला आणि भारतीय सैन्याच्या बँडमध्ये टिकला. पण गावच्या लग्नात, सुगीच्या नाचात आणि सरदारांच्या दिवाणखान्यात अठराव्या शतकापासून खरा मान मिळाला तो फिडलला. फिडल म्हणजे व्हायोलिनच. नाचाला वाजवले की लोक त्याला फिडल म्हणतात. नाच मुख्यतः तीन जातींचे. रील म्हणजे सरळ, धावती चाल. जिग म्हणजे तीन-तीन मात्रांच्या झोक्यावर उड्या घेणारी; आपल्या दादऱ्याच्या वळणाची. तिसरी जात स्ट्रॅथस्पे, जिला स्पे नदीच्या खोऱ्यावरून नाव मिळाले. ही संथ असते, पण तिच्यात एक झटका असतो. आपल्या छंदःशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लघूवर आघात येतो आणि गुरू त्याच्या मागून रेंगाळत येतो. हा लघु-गुरूचा झटका काढून टाकला तर स्ट्रॅथस्पे मरते.

या चालींच्या स्वरांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पुष्कळशा चाली पाच स्वरांच्या आहेत, आणि त्यांतले सर्वांत परिचित पाच स्वर म्हणजे सा, रे, ग, प, ध, आपल्या भूपाचे. त्यामुळे त्या पहिल्यांदा ऐकतानाही आपल्या कानाला परक्या वाटत नाहीत. प्रत्येक चालीचे बहुधा दोन भाग असतात. पहिला खालच्या अंगाने फिरतो, दुसरा वर चढतो. म्हणजे अस्थायी आणि अंतराच म्हणा ना! दोन्ही भाग दोन-दोनदा वाजवायचे आणि नाचणारे थकेपर्यंत फिरून फिरून घ्यायचे, अशी रीत.

फिडलच्या जोडीला चेलो कसा आला? त्याचे एक फार बोलके चित्र उपलब्ध आहे. डेव्हिड ॲलन या स्कॉटिश चित्रकाराने १७८० साली ब्लेअर ॲथोल येथील एका डोंगरी लग्नाचा देखावा रंगवला. उघड्यावर नाच चालला आहे. एका बाजूला नील गॉ फिडल वाजवीत आहे आणि त्याच्याजवळ त्याचा भाऊ डोनाल्ड गॉ चेलो घेऊन बसला आहे. पाइपवाला मात्र या वेळी विश्रांती घेत आहे! नील गॉ हा त्या काळचा सर्वांत नामांकित नाचवादक. १७२७ साली जन्मला, डंकेल्ड गावाजवळच्या इन्व्हर या खेड्यात वाढला आणि १८०७ मध्ये वारला. ॲथोलच्या ड्यूकचा त्याला आश्रय होता, हेन्री रेबर्नसारख्या थोर चित्रकाराने त्याची तसबीर काढली, आणि कवी रॉबर्ट बर्न्स १७८७ साली त्याला मुद्दाम भेटून गेला. त्या मानाने डोनाल्डचे नाव क्वचितच कोणी घेतो. पण नाचाच्या मैदानात नीलच्या मागे डोनाल्डचा खर्ज नसता तर काय झाले असते, याचा विचार करावा. ध्वनिक्षेपक नव्हते. उघड्या मैदानात किंवा मोठ्या दिवाणखान्यात वीसपंचवीस माणसे पाय आपटीत असताना एकट्या फिडलचा बारीक आवाज कितीसा पोचणार? चेलोचा घुमारा जमिनीतून पायांपर्यंत जातो. लावणीच्या फडात तुणतुणे आणि ढोलकी मिळून जे काम करतात, ते तिथे एकटा चेलो करीत होता. सूरही धरून ठेवायचा आणि ठेकाही द्यायचा. डोनाल्ड गेल्यावर नीलने त्याच्यासाठी एक शोकधून रचली. नुसत्या साथीदारासाठी कोणी असे करीत नाही.

ही जोडी अपवादात्मक नव्हती, हे छापील पुस्तकांवरून दिसते. एडिंबरोच्या रॉबर्ट ब्रेम्नरने १७५७ सालापासून रील चालींचे संग्रह छापले. त्यांच्या मुखपृष्ठावरच म्हटले आहे की चालीखाली चेलोसाठी किंवा हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्यासाठी खर्ज दिलेला आहे. नील गॉचा पहिला संग्रह १७८४ मध्ये निघाला. त्याच्याही मुखपृष्ठावर चेलोचे नाव आहे. नीलचा मुलगा नॅथॅनिएल पुढे एडिंबरोचा बडा नाचवादक आणि प्रकाशक झाला. त्याने फिडलबरोबर चेलोचीही तालीम जोसेफ रायनागल याच्याकडे घेतली होती आणि अलेक्झांडर मॅक्ग्लॅशन याच्या वाद्यमेळात तो आरंभी चेलोच वाजवीत असे. म्हणजे नाचाच्या धंद्यात शिरायचे दार चेलोतून होते!

त्याच एडिंबरोत संगीताची दुसरी एक दुनिया होती. १७२८ साली स्थापन झालेल्या संगीतमंडळात शहरातले वकील, जमीनदार, डॉक्टर इटालियन आणि जर्मन संगीत वाजवीत. या मंडळाने १७६३ मध्ये सेंट सिसिलिया हॉल नावाचे आपले सभागृह बांधले. १७७२ साली त्यांनी शेट्की नावाचा जर्मन चेलोवादक बोलावून आणला, तो तेथेच स्थायिक झाला आणि पुढे बर्न्सच्या एका गीताला त्याने चाल लावली. एकाच गावात, पुष्कळदा एकाच माणसाच्या हातात, चेलो संध्याकाळी शास्त्रोक्त आणि रात्री नाचाचा, असा दुहेरी संसार करीत होता. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ येथे आहे.

शास्त्र शिकलेल्या हाताला नाचाच्या चालीला खर्ज लावायचा म्हणजे नियम आठवतात. चाल 'सा'वर टेकली की खाली 'सा', आणि समेवर येण्याआधी 'प'. पण कित्येक स्कॉटिश चाली या नियमात बसत नाहीत. त्या आधी 'सा'भोवती एक वाक्य बोलतात आणि लगेच तेच वाक्य एक स्वर खाली, कोमल 'नी'भोवती बोलतात. पुन्हा सा, पुन्हा नी. बॅगपाइपच्या नऊ स्वरांत ही खोड मुरलेली आहे आणि फिडलनेही ती उचलली. अशा चालीखाली 'प' लावला तर पोटातून कुरकूर ऐकू येते. त्या काळच्या पुस्तकांत दोन्ही प्रकार सापडतात. काही ठिकाणी इटालियन वळणाचा सालंकृत खर्ज, तर काही ठिकाणी पानभर नुसता 'सा सा सा सा' आणि मध्येच 'नी नी नी नी'. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या पुष्कळ विद्वानांना हा दुसरा प्रकार अडाणीपणाचा वाटला, आणि नव्या आवृत्त्यांतून त्यांनी तो "सुधारून" टाकला. पण नाचायला उभे राहिले म्हणजे कळते की तो अडाणीपणा नव्हता. चाल वर कितीही कुरबुरली तरी खाली एक भक्कम जमीन राहावी, ही त्यामागची बुद्धी. संबळवाला काय निराळे करतो?

येथवर चेलो साथीला होता. चाल फिडलची, जमीन चेलोची. पण चेलोवादकाला कधीतरी वाटणारच की आपणही चाल वाजवावी. आणि येथे खरी अडचण उभी राहते. ती समजायला पेटीचा आधार घेऊ, म्हणजे शाळाशाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना ती बोटांनी ताडून पाहता येईल.

फिडलच्या चार तारा खालून वर अशा लागतात : पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. चेलोच्या तारा लागतात : पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा. दोन्हीकडे शेजारच्या तारांत सा-प भाव आहे. पाहा, फिडलच्या खालच्या तीन तारा चेलोला एक सप्तक खाली जशाच्या तशा मिळाल्या आहेत. त्यांच्याखाली आणखी एक जाड तार मिळाली आहे. मिळालेली नाही ती फिडलची सर्वांत वरची तार. आणि चालीचा अंतरा तर नेमका त्याच तारेवर राहतो! अस्थायी चेलोवर सुखाने बसते, अंतरा मात्र बेघर होतो.

एखादी पांढरी सहातली चाल घ्या; फिडलवाल्यांची ही आवडती पट्टी आहे. अस्थायी सा ते ध फिरते, अंतरा तार सप्तकातल्या रे पर्यंत चढतो, असे धरू. ती चेलोवर आणायच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट, सरळ एक सप्तक खाली आणणे. मग 'सा' येतो चेलोच्या सर्वांत वरच्या मोकळ्या तारेवर, आणि सबंध चाल त्या एकाच तारेवर वाजवावी लागते. फिडलच्या आखूड तारेवर चार बोटांत सा-चा प येतो. चेलोची तार दुपटीहून लांब, म्हणून तिथे शेजारच्या बोटांत अर्ध्याच स्वराचे अंतर राहते आणि हात न हलवता फार तर म गाठता येतो. मग धावत्या रीलमध्ये हात सारखा वरखाली पळवावा लागतो, आणि पळणारा हात ठेका चुकवतो.

दुसरी वाट, दोन सप्तके खाली आणणे. आता सगळी चाल मधल्या तारांवर येते, हात निवांत असतो. पण स्वर इतके खर्जात जातात की जलद जागा एकमेकींत मिसळतात. विहिरीत तोंड घालून ओव्या म्हणाव्या तसे होते. संथ स्ट्रॅथस्पेला ही वाट चालते. रीलला चालत नाही.

तिसरी वाट, पट्टीच बदलणे. पांढरी सहातली चाल खाली आणून पांढरी दोनमध्ये बसवली की 'सा' दुसऱ्या मोकळ्या तारेवर येतो, 'प' वरच्या मोकळ्या तारेवर, आणि फिडलवर ज्या तारेवरून ज्या तारेवर उडी होती तीच उडी चेलोवर मिळते. गजाचा झोकही मूळचाच राहतो. एकट्याने वाजवायचे असेल तर ही सर्वांत शहाणपणाची वाट. अडचण इतकीच, की जोडीला फिडल असेल तर फिडलवाल्याला आपली पट्टी सोडावी लागते. आणि फिडलच्याही काही जागा मोकळ्या तारांच्या घुमाऱ्यावर जगतात! आपल्याकडे पुरुष आणि स्त्री यांनी एकत्र गायचे म्हटले की हीच पंचाईत होते. काळी एकचा गवई आणि काळी चारची गायिका यांच्यापैकी कोणीतरी मन मोठे करावे लागते.

चौथी वाट अंगठ्याची. तारेच्या बरोबर मध्यावर दाबले की तोच स्वर एक सप्तक वर वाजतो, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानात शिकवतात. चेलोवादक डाव्या हाताचा अंगठा वरच्या दोन तारांवर मध्यावर आडवा टेकवतो. म्हणजे तेथे जणू नवी मोकळी तार तयार होते, आणि तिची उरलेली लांबी निम्मी, म्हणजे जवळजवळ फिडलइतकीच. बोटांची अंतरे फिडलसारखी होतात. एवढेच नव्हे, तर हे स्वर म्हणजे फिडलच्या मधल्या दोन मोकळ्या तारांचेच स्वर. जे वाद्य एक सप्तक खाली राहत होते ते फिडलच्या अंगणात येऊन बसले! ही युक्ती स्कॉटलंडची नव्हे. १७४१ साली पॅरिसमध्ये मिशेल कोरेत याने चेलोचे शिक्षणपुस्तक छापले, त्यात तिचे वर्णन आहे. सुमारे १८०६ मध्ये ड्यूपोर याने बोटांचे शास्त्र अधिक नीट बांधले. पण तिला तालीम लागते. दिवसभर नांगर धरून रात्री नाचाला बसणाऱ्या वादकाला ती सहसा साधणारी नव्हती. त्यात विल्यम मार्शलसारखे रचनाकार भेटले म्हणजे झालेच. ड्यूक ऑफ गॉर्डनच्या पदरी कारभारी असलेला मार्शल १७४८ ते १८३३ या काळात होऊन गेला. तो अवघड पट्ट्यांत आणि फिडलच्याही उंच जागांवर चाली बांधी. त्या चेलोवर आणायच्या म्हणजे नुसता डोंगर.

यावर लोकांनी एक व्यवहारी तोड काढली. अंतऱ्याचा जो तुकडा हाताबाहेर जातो तेवढाच एक सप्तक खाली दुमडायचा आणि पुढच्या वाक्याला पुन्हा मूळ जागी यायचे. ऐकणाऱ्याला वळण कळते, पण नाचणाऱ्याचा पाय अडखळत नाही, कारण ठेका आणि आघात जागच्या जागी आहेत. तसेच जलद तानेतले अधले-मधले स्वर गाळायचे आणि मात्रेवरचे तेवढे ठेवायचे. जाड तार बोलायला क्षणभर उशीर लावते, तिला जास्त शब्द दिले तर ती पुटपुटते. थोडे द्यावे, म्हणजे ती ठणकावून बोलते.

गजाचेही असेच. फिडलवर एकाच स्वराला गजाने तीनदा झटपट हिसडा देतात, पहिले दोन निम्म्या वजनाचे आणि तिसरा पुरता. आपल्या हलगीवरच्या तुकड्यासारखा तो वाजतो. चेलोचा गज फिडलच्या गजापेक्षा आखूड पण जड असतो. त्यामुळे हिसडा थोडक्या जागेत, मनगटाच्या बळावर काढावा लागतो. जमला म्हणजे मात्र त्याला फिडलवर नसलेले वजन येते.

आता एका मुलाची हकीकत सांगतो. बँचरी गावचा जेम्स स्कॉट स्किनर, जन्म १८४३. वडील लहानपणीच वारले. थोरल्या भावाने त्याला फिडल आणि चेलो दोन्ही शिकवले. पुढे पीटर मिल्न या फिडलवाल्याच्या मागे बसून हा पोर नाचाच्या रात्री जागवू लागला. मैलोन्‌मैल पायी जायचे, रात्रभर खर्ज धरायचा आणि पहाटे परतायचे. नोटेशन वाचता येत नव्हते; सगळे कानाने. १८५५ साली तो मँचेस्टरच्या एका बालवाद्यवृंदात दाखल झाला आणि तेथे त्याला शास्त्रोक्त वाचन व वादन शिकायला मिळाले. पुढे हाच स्किनर स्कॉटलंडचा सर्वांत गाजलेला फिडलवादक ठरला, शेकडो चाली रचल्या, ध्वनिमुद्रणाच्या अगदी आरंभीच्या काळात त्याचे वादन मुद्रित झाले, आणि १९२७ मध्ये तो वारला. लय त्याने प्रथम खर्जात बसून शिकली, वरची नक्षी मागाहून. पेटी-तबला शिकवणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

स्किनर मोठा होईपर्यंत चेलोचे दिवस मात्र भरत आले होते. मध्यमवर्गाच्या घरी पियानो आला. एका हाताने खर्ज, दुसऱ्याने भरणा. मग भात्याची स्वस्त वाद्ये आली, आणि विसाव्या शतकात जिमी शँडसारख्यांच्या अकॉर्डियनने नाचघर व्यापून टाकले. एका माणसात चाल, खर्ज आणि ठेका मिळत असेल तर दोन माणसांचे मानधन कोण देणार? काही हौशी मंडळांच्या मोठ्या वाद्यमेळात चेलो मागच्या रांगेत उरला. पण फिडल-चेलोची ती बोलकी जोडी मोडली. तीनचार पिढ्यांतच लोक म्हणू लागले की चेलो हे शास्त्रीय सभागृहाचे वाद्य, त्याचा गावच्या नाचाशी काय संबंध? ॲलनचे चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर होते, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर चेलोचे नाव छापलेले होते, तरीही विसर पडला. जी गोष्ट कानाने आणि हाताने पुढे जाते तिची साखळी एकदा तुटली की छापील पान एकट्याने ती जोडू शकत नाही.

ती जोडली गेली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि संशोधक व वादक या दोघांनी मिळून. डेव्हिड जॉन्सन या अभ्यासकाने १९७२ आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून अठराव्या शतकातले हे दुहेरी जग उजेडात आणले. अमेरिकेत ॲबी न्यूटन यांनी चेलोवर स्कॉटिश चाली वाजवायला घेतल्या. २००४ साली स्कॉटलंडचे फिडलवादक ॲलस्टर फ्रेझर आणि अमेरिकन चेलोवादिका नॅटली हास यांची एक ध्वनिमुद्रिका निघाली, फक्त फिडल आणि चेलो. त्या वर्षीच्या स्कॉटिश पारंपरिक संगीताच्या पुरस्कारांत तिला उत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा मान मिळाला. पुढे ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जुन्या संग्रहांतल्या त्या 'अडाणी' खर्जाचाच पद्धतशीर अभ्यास केला.

नव्या चेलोवादकांनी मात्र डोनाल्ड गॉची नक्कल केली नाही. त्यांच्या वादनात गज तारेवर उभा आपटून कोरडा, चामड्यावर थाप पडावी तसा आवाज काढण्याची एक रीत ऐकू येते. ती १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या रिचर्ड ग्रीन या फिडलवाल्याने काढली आणि हळूहळू चेलोकडे आली. कोणी म्हणेल, ही स्कॉटिश परंपरा नव्हे. खरे आहे, नव्हे. पण अठराव्या शतकातला चेलो तरी कोठे स्कॉटिश होता? वाद्य इटलीचे, अंगठ्याची युक्ती बाहेरची, शिक्षक जर्मन! स्कॉटिश होती ती चाल, तो लघु-गुरूचा झटका, ते सा-नी-सा. तेवढे ज्याने सांभाळले त्याने बाकी काय बदलले याचा हिशेब नाचणाऱ्यांनी कधी मागितला नाही.

मग काय बदलावे आणि काय बदलू नये? या इतिहासातून निघणारा निवाडा मला असा दिसतो. पट्टी बदलावी, सप्तक बदलावे, अवघड तुकडा दुमडावा, भरीचे स्वर गाळावेत. चालीच्या आघाताला आणि तिच्या टेकण्याच्या स्वरांना हात लावू नये. 'सुधारक' विद्वानांनी नेमके उलटे केले. सगळे सूर जपले आणि खालची जमीन बदलली. म्हणून त्यांच्या आवृत्त्या कपाटात राहिल्या.

आपल्या शाळांशी याचा संबंध आहे, आणि तो चेलो विकत घेण्याचा नाही. स्नेहसंमेलन जवळ आले की पेटीवर एक पट्टी धरली जाते, बहुधा मुलींच्या गळ्याला सोयीची. आठवीनववीतल्या मुलांचे आवाज तेव्हा फुटत असतात. अस्थायी कशीबशी निभते, अंतऱ्याला आवाज चिरकतो, वर्ग हसतो. "तू नुसते ओठ हलव" असे त्या मुलाला सांगितले जाते, आणि त्यानंतर तो मुलगा जन्मभर गात नाही. अशी मुले प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या गळ्यात दोष नसतो. त्यांची वरची तार गेलेली असते आणि खाली एक नवी तार आलेली असते, एवढेच.

अशा मुलासाठी चारही वाटा मोकळ्या आहेत. फुगडीच्या किंवा गौरीच्या गाण्यांना बहुतेक पाचसहा स्वरच लागतात. त्यांची पट्टी बदलून पाहा. नाही जमले तर त्याला चाल एक सप्तक खाली म्हणू द्या. अंतऱ्याचा उंच तुकडा खाली दुमडून द्या. तेही नाही जमले तर त्याच्याकडे जमीन सोपवा. पोवाड्यात झीलकरी जसा सूर धरून ठेवतो तसा, मुली वर चाल म्हणत असताना त्याने खाली मात्रेमात्रेला 'सा' धरावा आणि जेथे चाल खाली उतरते तेथे तिच्याबरोबर उतरावे. चारपाच मुले मिळून हे करू लागली की लेझमीच्या रांगेतल्या पोरांना ते पायांत जाणवेल. येत्या संमेलनाला हा प्रयोग करायचा असेल तर पेटीवर पांढरी सहा सोडून आधी पांढरी दोन धरून पाहावी.